सेप्सिस व एंडोटॉक्सिन शॉकमध्ये रक्तशुद्धीकरण कसे करावे : रुग्णनिवडीपासून उपचार थांबवण्यापर्यंत

हे मार्गदर्शन अतिदक्षता विभागात काम करणारे निवासी डॉक्टर, परिचारिका आणि डायलिसिस तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. सेप्सिसमध्ये शरीराबाहेरच्या परिपथातून रक्त फिरवून त्यातील घातक द्रव्ये काढण्याची साधने आता अनेक रुग्णालयांत उपलब्ध आहेत आणि ती जोडण्याचे तंत्र थोड्या सरावाने आत्मसात होते. अवघड असतो तो त्याआधीचा निर्णय : कोणत्या रुग्णाला, कोणत्या वेळी, कोणते द्रव्य काढण्यासाठी आणि किती काळ हा उपचार द्यायचा. या निर्णयात गफलत झाली तर उत्तम कार्ट्रिजही (रक्त ज्यातून फिरवून शुद्ध करतात ते नळकांडे) रुग्णाच्या उपयोगी पडत नाही आणि काही वेळा अपायही करते. म्हणून या लेखात यंत्राच्या जोडणीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष रुग्णनिवडीकडे आणि पुराव्याकडे दिले आहे. प्रत्यक्ष काम करताना वापरात असलेल्या साधनाची उत्पादक-पुस्तिका आणि आपल्या विभागाची लेखी कार्यपद्धती हीच अंतिम मानावी.

यंत्र आणण्याआधी

सेप्सिसची २०१६ साली मांडली गेलेली व्याख्या अशी : जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन अवयवांच्या कार्यात जीवघेणा बिघाड होणे. हा बिघाड मोजण्यासाठी सोफा गुणांकात (अवयवांच्या बिघाडाच्या गुणांकात) २ किंवा अधिक गुणांची वाढ धरली जाते. पुरेसे द्रव देऊनही सरासरी धमनी रक्तदाब ६५ मिमी राखण्यासाठी रक्तदाब वाढवणारे औषध चालू ठेवावे लागत असेल आणि लॅक्टेट प्रतिलिटर २ मिलिमोलच्या वर असेल, तर तो सेप्टिक शॉक होय. या अवस्थेला पोहोचलेल्या रुग्णांपैकी ४० टक्क्यांहून अधिक रुग्ण रुग्णालयातच दगावतात. आकडा एवढा मोठा असल्यामुळेच प्रत्येक नव्या साधनाकडे आशेने पाहिले जाते, आणि ही आशा समजण्यासारखी आहे; परंतु ज्या गोष्टींनी जीव वाचतो हे निश्चित ठाऊक आहे, त्या आधी पूर्ण झालेल्या असल्या पाहिजेत.

शॉकमधील रुग्णाला प्रतिजैविकाचा पहिला डोस ओळख पटल्यापासून एका तासाच्या आत मिळावा आणि त्यामुळे उशीर होत नसेल तर रक्ताचे कल्चर त्याआधी घ्यावे. पहिल्या तीन तासांत प्रतिकिलो ३० मिलिलिटरच्या आसपास स्फटिक द्रावण द्यावे, मात्र हृदयाची आणि फुफ्फुसांची स्थिती पाहत राहावे. नॉरअॅड्रेनॅलिन हे पहिले औषध; त्याचा डोस प्रतिकिलो प्रतिमिनिट ०.२५ ते ०.५ मायक्रोग्रॅमच्या टप्प्यात पोहोचला की व्हॅसोप्रेसिनची जोड द्यावी, आणि ०.२५ किंवा त्याहून अधिक डोस किमान चार तास लागत असेल तर दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचा विचार करावा. या सगळ्यांहून महत्त्वाचे म्हणजे संसर्गाच्या मुळावर घाव घालणे. फुटलेले आतडे, पू साठलेले पित्ताशय, तुंबलेले आणि संसर्ग झालेले मूत्रपिंड किंवा सडलेले ऊतक जागेवर असेपर्यंत रक्तात विष येतच राहते. कितीही चांगले कार्ट्रिज लावले तरी ही आवक थांबत नाही. शस्त्रक्रिया किंवा निचरा आधी, रक्तशुद्धीकरण नंतर, हा क्रम कोणत्याही कारणाने उलटू देऊ नये. शस्त्रक्रियागृह तयार असताना कॅथेटर घालण्यात तास घालवणे हा माझ्या मते या उपचारातील सर्वांत गंभीर दोष आहे.

रक्तातून नेमके काय काढायचे आहे

ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणात लायपोपॉलिसॅकराइड नावाचे मोठे रेणू असतात, हेच एंडोटॉक्सिन. ही संकल्पना १८९२च्या सुमारास रिचर्ड फायफर यांनी पटकीच्या जिवाणूवर काम करताना मांडली. या रेणूतील 'लिपिड ए' हा भाग सर्वाधिक घातक असतो. रक्तातील एका वाहक प्रथिनाच्या आणि सीडी१४ या पेशींवरील प्रथिनाच्या मदतीने तो पांढऱ्या पेशींवरील टीएलआर४ या ग्राहकापर्यंत पोहोचतो आणि तेथून टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ अशा दाहकारक द्रव्यांचा लोंढा सुरू होतो. टीएलआर४ची ही भूमिका १९९८ साली उलगडली आणि त्या कामासाठी ब्रूस बॉइटलर यांना २०११च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

येथून उपचाराच्या दोन दिशा निघतात. एक म्हणजे वरच्या बाजूला जाऊन एंडोटॉक्सिनच काढणे. दुसरी म्हणजे खालच्या बाजूला येऊन दाहकारक द्रव्ये कमी करणे. कोणत्या साधनाने यांपैकी काय साधते हे रेणूंच्या आकारमानावरून बरेचसे कळते. युरियाचा रेणू ६० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) असतो आणि तो साध्या डायलिसिसने सहज निघतो. इंटरल्युकिन-६ वीस हजार डाल्टनच्या पुढचा, तर टीएनएफचा त्रिक-रेणू पन्नास हजारांच्या आसपास. नेहमीच्या हिमोफिल्टरची छिद्रे साधारण तीस ते चाळीस हजार डाल्टनपर्यंतचे रेणू जाऊ देतात, त्यामुळे टीएनएफ त्यातून नीट निघत नाही. एंडोटॉक्सिनचे रेणू तर रक्तात एकमेकांना चिकटून फार मोठे पुंजके करतात आणि ते पडद्यातून गाळले जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून त्यांच्यासाठी अधिशोषण, म्हणजे रेणू एखाद्या पृष्ठभागावर धरून ठेवणे, हाच मार्ग उरतो.

पॉलिमिक्सिन-बी हे प्रतिजैविक लिपिड ए-ला घट्ट पकडते, परंतु शिरेतून दिल्यास ते मूत्रपिंडाला आणि मज्जासंस्थेला अपाय करू शकते. जपानमध्ये ते पॉलिस्टायरीनच्या तंतूंवर रासायनिक बंधाने पक्के बसवले गेले, जेणेकरून रक्त तंतूंवरून वाहताना एंडोटॉक्सिन अडकावे आणि औषध मात्र रक्तात उतरू नये. 'टोरेमिक्सिन' या नावाचे हे कार्ट्रिज तेथील आरोग्यविम्यात १९९४ पासून आहे. दुसऱ्या प्रकारात 'सायटोसॉर्ब' येते. त्यातील सच्छिद्र पॉलिमरचे मणी साधारण साठ हजार डाल्टनपर्यंतची जलविरोधी द्रव्ये शोषतात. त्यांत अनेक सायटोकाइन (वर सांगितलेली दाहकारक द्रव्ये), मायोग्लोबिन आणि पित्तद्रव्ये येतात, एंडोटॉक्सिन मात्र फारसे नाही. एचए३३० हे रेझिनचे कार्ट्रिजही याच कुळातले. 'ऑक्सिरिस' हा पडदा तिसऱ्या वाटेने जातो : एएन६९ पडद्यावर पॉलिएथिलीनइमाइनचा आणि हेपरिनचा थर दिल्यामुळे तो मूत्रपिंडाचे काम करता करता काही एंडोटॉक्सिन व सायटोकाइनही धरतो. 'सेराफ १००'मधील हेपरिन-लेपित मणी तर थेट जंतूंनाच पकडण्यासाठी आहेत. प्लाझ्मा एक्सचेंजमध्ये रुग्णाचा प्लाझ्मा काढून त्याजागी दात्याचा प्लाझ्मा दिला जातो. त्यामुळे घातक द्रव्ये जातात आणि कमी पडलेली संरक्षक प्रथिनेही भरून निघतात, ही त्यामागची कल्पना.

पुरावा काय सांगतो

हा भाग घाईने वाचू नये, कारण खाटेपाशी घ्यायचा निर्णय यावरच टिकतो.

पॉलिमिक्सिन कार्ट्रिजबाबत २००९ साली इटलीतील 'युफास' चाचणी प्रसिद्ध झाली. पोटातील संसर्गामुळे शॉकमध्ये गेलेल्या ६४ रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण कार्ट्रिज गटात ३२ टक्के आणि नेहमीच्या उपचाराच्या गटात ५३ टक्के आढळले. आकडे उत्साहवर्धक होते, परंतु रुग्णसंख्या लहान होती आणि चाचणी ठरल्याआधी थांबवली गेली होती. २०१५ साली फ्रान्समधील 'अॅब्डोमिक्स' चाचणीत पेरिटोनायटिसच्या (पोटाच्या आतील आवरणाच्या दाहाच्या) २३२ रुग्णांत उलट चित्र दिसले : २७.७ टक्के विरुद्ध १९.५ टक्के, म्हणजे कार्ट्रिज गटात मृत्यू थोडे अधिक, जरी हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. तेथे बऱ्याच रुग्णांत दोन्ही सत्रे पूर्ण झाली नव्हती, हेही ध्यानात ठेवावे. त्यानंतर अमेरिका आणि कॅनडातील ४५० रुग्णांची 'युफ्रेटिस' चाचणी २०१८ साली आली. या चाचणीचे वैशिष्ट्य असे की एंडोटॉक्सिनची क्रियाशीलता मोजून, ती ०.६० किंवा अधिक असलेलेच रुग्ण घेतले गेले आणि नियंत्रण गटात रक्ताभिसरणाचा केवळ आभास निर्माण केला गेला. मृत्यूचे प्रमाण कार्ट्रिज गटात ३७.७ आणि नियंत्रण गटात ३४.५ टक्के राहिले. लाभ सिद्ध झाला नाही.

मग विषय संपला का? पूर्णपणे नाही. याच चाचणीच्या पश्चात-विश्लेषणात असे दिसले की क्रियाशीलता ०.६० ते ०.८९ या पट्ट्यात असलेल्या आणि अनेक अवयव निकामी झालेल्या रुग्णांत मृत्यू कार्ट्रिज गटात २६.१ आणि नियंत्रण गटात ३६.८ टक्के होते. ०.९०च्या वर विषाचा भार इतका असतो की दोन सत्रांची क्षमता अपुरी पडत असावी, असा तर्क त्यामागे आहे. हा तर्क पटण्याजोगा आहे. तरीही निकाल हाती आल्यावर निवडलेल्या उपगटातून निघालेला निष्कर्ष हा पुढच्या चाचणीचा प्रश्न असतो, उत्तर नसते; याच पट्ट्यातील रुग्णांसाठी 'टायग्रिस' ही स्वतंत्र चाचणी आखली गेली ती त्यामुळेच. 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन'च्या २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पॉलिमिक्सिन हिमोपरफ्यूजन (रक्त थेट अशा कार्ट्रिजमधून फिरवणे) न वापरण्याची सौम्य शिफारस केली आणि इतर तंत्रांबाबत शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे नमूद केले.

सायटोकाइन काढण्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत सायटोसॉर्बमधून जाताना रक्तातील इंटरल्युकिन-६ कमी होत होते, तरी संपूर्ण शरीरातील पातळीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. कोविडमुळे एक्मोवर (शरीराबाहेर रक्ताला ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर) गेलेल्या ३४ रुग्णांच्या २०२१च्या चाचणीत ३० दिवसांनी जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण सायटोसॉर्ब गटात १८ टक्के आणि दुसऱ्या गटात ७६ टक्के होते. ते सेप्सिसचे सर्वसाधारण रुग्ण नव्हते आणि संख्या लहान होती, पण इतका फरक दिसल्यावर 'लावून पाहू, तोटा तर नाही' हे वाक्य कोणीही उच्चारू नये. प्लाझ्मा वेगळा करून तो रेझिनवरून नेणाऱ्या जोड-तंत्राची इटलीतील दुसरी चाचणीही अपायाच्या शंकेने मुदतीआधी थांबवावी लागली. जास्त प्रमाणात गाळल्याने फायदा होतो का, हे २०१३च्या 'आयव्हॉर' चाचणीने तपासले : तासाला प्रतिकिलो ७० मिलिलिटर आणि ३५ मिलिलिटर यांत मृत्यूचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. म्हणून मूत्रपिंडासाठी २० ते २५ मिलिलिटर हा नेहमीचा डोसच योग्य.

मूत्रपिंड-आधार, म्हणजे डायलिसिससारखा उपचार, लवकर सुरू करण्याचाही स्वतंत्र लाभ नाही. सेप्टिक शॉकमधील रुग्णांवरची २०१८ची 'आयडियल-आयसीयू' आणि तीन हजारांच्या आसपास रुग्णांची २०२०ची 'स्टार्ट-एकेआय' या दोन्हींनी हे दाखवले आहे. पोटॅशियम, आम्लता, द्रवभार किंवा युरेमिया (रक्तात टाकाऊ द्रव्ये साठणे) ही प्रत्यक्ष कारणे नसताना केवळ सेप्सिस आहे म्हणून मशीन सुरू करू नये.

रुग्ण निवडताना

वरील पुराव्यावरून माझे मत असे की हा उपचार सरसकट देऊ नये; मात्र काही थोड्या रुग्णांत, शक्य तेथे एखाद्या अभ्यासाचा किंवा नोंदणीचा भाग म्हणून, तो विचारपूर्वक देता येतो. असा रुग्ण साधारण कसा असतो? संसर्गाचे मूळ सापडलेले आहे आणि त्यावर उपाय झालेला आहे किंवा लगेच होणार आहे. योग्य प्रतिजैविक चालू आहे. द्रव पुरेसे दिले आहे. तरीही नॉरअॅड्रेनॅलिनचा डोस चढता आहे, लॅक्टेट उतरत नाही आणि एकाहून अधिक अवयव निकामी होत आहेत. संसर्ग ग्रॅम-निगेटिव्ह असण्याची दाट शक्यता असेल, उदाहरणार्थ आतडे, पित्तमार्ग किंवा मूत्रमार्ग यांतून सुरू झालेला किंवा मेनिंगोकॉकसचा, तर एंडोटॉक्सिन काढण्याला अर्थ आहे. शॉक सुरू होऊन दोन-तीन दिवस उलटले असतील तर विषाने सुरू केलेली साखळी स्वतःच्या गतीने पुढे गेलेली असते. म्हणून पहिल्या २४ तासांच्या आत निर्णय व्हावा.

एंडोटॉक्सिन मोजण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी. ही चाचणी संपूर्ण रक्तावर करतात, पांढऱ्या पेशींतून निघणारा प्रकाश त्यात मोजला जातो आणि नमुना ताजा असावा लागतो. ०.४०च्या खाली पातळी कमी, ०.४० ते ०.५९ मध्यम आणि ०.६० पासून वर जास्त धरतात. कल्चरमध्ये ग्रॅम-निगेटिव्ह जंतू न सापडताही ही क्रियाशीलता वाढलेली असू शकते, कारण शॉकमध्ये आतड्याचा अडथळा कमकुवत होऊन तेथील एंडोटॉक्सिन रक्तात झिरपते. उलट, कल्चरमध्ये ग्रॅम-निगेटिव्ह जंतू आहे म्हणून पातळी जास्त असेलच असेही नाही. चाचणी उपलब्ध नसेल तर आपण अंदाजावर चाललो आहोत हे टिपणात स्पष्ट लिहावे.

काही रुग्णांत हा उपचार टाळावा. न थांबणारा रक्तस्राव, वीस-तीस हजारांच्या खाली गेलेले प्लेटलेट, पॉलिमिक्सिनची अॅलर्जी ही त्यांतली कारणे. हेपरिनमुळे प्लेटलेट घटण्याचा आजार असेल तर हेपरिन देता येत नाही आणि हेपरिन-लेपित पडदाही चालत नाही. लेपाचा मुद्दा अनेकदा विसरला जातो. रुग्ण एसीई-इन्हिबिटर गटातील रक्तदाबाचे औषध घेत होता का, हे नातेवाइकांना विचारावे, कारण एएन६९ प्रकारच्या पडद्याशी त्याचा संयोग झाल्यास ब्रॅडिकायनिन वाढून रक्तदाब अचानक कोसळू शकतो. आणि ज्या रुग्णाच्या मूळ आजारात बरे होण्याची वाट उरलेली नाही, त्याला हे यंत्र लावल्याने केवळ दुःख लांबते.

नातेवाइकांशी बोलताना तीन गोष्टी त्यांना कळल्या पाहिजेत : मुख्य उपचार प्रतिजैविके आणि संसर्गाचे मूळ काढणे हाच आहे, रक्तशुद्धीकरण ही जोड आहे आणि तिच्यामुळे जीव वाचतो असे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही, आणि ठरावीक मुदतीत फरक दिसला नाही तर ती थांबवली जाईल. 'रक्तातले सगळे विष धुऊन निघेल' असे आश्वासन देणे हा त्या कुटुंबावर अन्याय आहे, विशेषतः खर्चाचा भार त्यांच्यावर असेल तेव्हा.

जोडणी

मार्ग चांगला नसेल तर पुढचे सर्व बिघडते. दोन नळ्यांचे डायलिसिस कॅथेटर अल्ट्रासाउंड पाहत घालावे. उजवी अंतर्गत जुग्युलर शीर ही पहिली पसंती, त्यानंतर मांडीची फेमोरल, मग डावी जुग्युलर, सबक्लेव्हियन शेवटी. मांडीतून घालताना लांब, साधारण २४-२५ सेंटिमीटरचे कॅथेटर घ्यावे, नाहीतर तेच रक्त पुन्हा पुन्हा खेचले जाते आणि प्रवाहही मिळत नाही. प्लेटलेट कमी असलेल्या रुग्णात अनुभवी हातानेच हे काम करावे.

पॉलिमिक्सिन कार्ट्रिज आम्लधर्मी द्रवात भरलेले येते. ते किमान ४ लिटर सलाइनने धुतल्याशिवाय रुग्णाला जोडू नये आणि धुताना अडकलेली हवा हलक्या थापट्यांनी बाहेर काढावी. त्यानंतर हेपरिनमिश्रित सलाइनने परिपथ भरावा. रक्तप्रवाह मिनिटाला ८० ते १२० मिलिलिटर ठेवतात. प्रत्येक सत्र दोन तासांचे असते आणि दुसरे सत्र साधारण २४ तासांनी देतात. पहिल्या सत्रानंतर रुग्ण सुधारला तरी दुसरे सत्र नियोजनात ठेवावे, कारण उपलब्ध चाचण्या दोन सत्रांच्या आराखड्यावरच झाल्या आहेत.

जोडण्याचा क्षण सर्वांत नाजूक असतो. परिपथात शे-दोनशे मिलिलिटर रक्त जाते आणि शॉकमधील रुग्णाला तेवढेही जड पडते. म्हणून नॉरअॅड्रेनॅलिनची पुढची सिरिंज आधीच भरून ठेवावी, प्रवाह मिनिटाला ५० मिलिलिटरपासून सुरू करावा आणि काही मिनिटांत हळूहळू वाढवावा. पहिला अर्धा तास धमनीतील रक्तदाबाच्या रेषेवरून नजर हटू देऊ नये आणि डॉक्टर खाटेपाशीच असावा. नॉरअॅड्रेनॅलिन ज्या नळीतून जाते तिचे टोक डायलिसिस कॅथेटरच्या खेचणाऱ्या छिद्राजवळ येणार नाही, याचीही खातरजमा करावी; नाहीतर औषध शरीरात पसरण्याआधीच परिपथात ओढले जाते.

मूत्रपिंड-आधारासह अधिशोषक लावायचा असेल तर सायटोसॉर्बसारखे कार्ट्रिज बहुधा फिल्टरच्या आधी बसवतात. ते एका वेळी जास्तीत जास्त २४ तास चालते. ऑक्सिरिसचा पडदा ७२ तासांपर्यंत. पण भरलेला पृष्ठभाग आणखी काही शोषत नाही, त्यामुळे मुदत शिल्लक आहे एवढ्यावरून परिणाम चालू आहे असे मानू नये.

रक्त गोठू न देण्यासाठी पॉलिमिक्सिनच्या दोन तासांच्या सत्रात बहुधा हेपरिन वापरतात. जपानमध्ये नाफामोस्टॅटचाही वापर होतो. दीर्घकाळ चालणाऱ्या परिपथासाठी, रक्तस्रावाचा धोका असेल तेथे, कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारे सायट्रेट अधिक सोयीचे. त्यात फिल्टरनंतरचे आयनित कॅल्शियम साधारण ०.२५ ते ०.३५ मिलिमोलमध्ये ठेवतात आणि रुग्णाचे कॅल्शियम स्वतंत्रपणे सांभाळतात. यकृत निकामी असेल किंवा लॅक्टेट फार वाढलेले असेल तर सायट्रेट शरीरात साठू शकते. एकूण कॅल्शियम आणि आयनित कॅल्शियम यांचे गुणोत्तर २.५च्या वर गेले आणि आम्लता वाढू लागली की सायट्रेट ताबडतोब कमी किंवा बंद करावे. कार्ट्रिजच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक वाढत जाणे ही गुठळी होत असल्याची पहिली खूण असते. खेचण्याचा दाब उणे २०० मिमीच्याही खाली जात असेल तर पंपाचा वेग वाढवण्याऐवजी कॅथेटरची जागा तपासावी.

औषधांचे डोस

या मुद्द्याकडे दुर्लक्ष झाल्याने होणारा अपाय डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिक धोकादायक आहे. परिपथ चांगले आणि वाईट यांत भेद करत नाही. मेरोपेनेम, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम यांसारखी पाण्यात विरघळणारी औषधे मुख्यतः गाळण्यातून जातात. फ्लुकोनॅझोल आणि लिनेझोलिड ही सायटोसॉर्बसारख्या अधिशोषकात लक्षणीय प्रमाणात अडकतात. नवे कार्ट्रिज लावल्यानंतरचे पहिले काही तास यासाठी सर्वांत महत्त्वाचे असतात. त्यामुळे शक्य असेल तेथे प्रतिजैविकाचा डोस सत्र संपल्यावर द्यावा, सत्र लांब असेल तर अतिरिक्त डोसाचा विचार करावा, बीटा-लॅक्टम औषधे दीर्घ इन्फ्यूजनने द्यावीत आणि रक्तातील पातळी मोजता येत असेल तर ती मोजावी. पहिल्या दिवशी मूत्रपिंड निकामी आहे म्हणून डोस कमी करण्याची घाई करू नये. शॉकमध्ये कमी डोसाचा धोका जास्त डोसाच्या धोक्याहून मोठा असतो. विभागात औषधनिर्माणतज्ज्ञ असेल तर जोडणीआधीच त्याच्याशी बोलावे.

देखरेख आणि थांबवणे

उपचार सुरू करण्याआधीच 'यश' म्हणजे काय हे लिहून ठेवावे. सरासरी रक्तदाब आणि त्यासाठी लागणारा नॉरअॅड्रेनॅलिनचा डोस या दोन आकड्यांची जोडी दर तासाला एकत्र नोंदवावी, कारण एकट्या रक्तदाबावरून काहीच कळत नाही. लॅक्टेट दर दोन ते चार तासांनी, लघवीचे प्रमाण तासाला, ऑक्सिजनचे गुणोत्तर (रक्तातील आणि श्वासातून दिलेल्या ऑक्सिजनचे) आणि सोफा गुणांक दिवसातून एकदा पाहावा. प्लेटलेट व रक्त गोठण्याच्या चाचण्या प्रत्येक सत्राआधी आणि नंतर कराव्यात. अधिशोषकावर प्लेटलेट अडकून संख्या घटणे अपेक्षित असते. सतत चालणाऱ्या परिपथात फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरतात. शरीराचे तापमानही उतरते, त्यामुळे ताप नाही म्हणजे संसर्ग आटोक्यात आला असे समजू नये.

इंटरल्युकिन-६चा आकडा निम्म्यावर आला पण नॉरअॅड्रेनॅलिनचा डोस तसाच राहिला, तर रुग्ण सुधारला असे म्हणता येत नाही. याउलट, सत्रानंतर औषधाचा डोस उतरला तरी ती सुधारणा शस्त्रक्रियेमुळे की कार्ट्रिजमुळे हे एका रुग्णावरून सांगणे शक्य नसते. हे स्वतःला बजावत राहणे आवश्यक आहे, कारण अशा ठसठशीत अनुभवांवरूनच विभागाच्या सवयी तयार होतात.

पॉलिमिक्सिनची दोन सत्रे झाली की उपचार संपला. अधिशोषक कार्ट्रिजच्या बाबतीत २४ तासांनी लेखी आढावा घ्यावा. औषधाचा डोस आणि लॅक्टेट दोन्ही उतरत असतील तर पुढचे कार्ट्रिज लावण्याची गरज बहुधा उरत नाही. दोन्ही चढत असतील तर आधी पोटाचा सीटी स्कॅन, निचऱ्याची जागा, प्रतिजैविकाची निवड आणि हृदयाचा इको पुन्हा तपासावा; न सापडलेला पू किंवा न ओळखलेला हृदयाचा अशक्तपणा हीच अशा वेळी सर्वाधिक सापडणारी कारणे असतात. रक्तस्राव, प्लेटलेटची वेगवान घट किंवा जोडल्यानंतर न सावरणारा रक्तदाब दिसल्यास आढाव्याची वाट न पाहता परिपथ बंद करावा.

थांबवण्याचा निर्णय झाल्यावर त्याच दिवशी तीन कामे उरकावीत. मूत्रपिंड-आधाराची गरज नसेल तर डायलिसिस कॅथेटर काढून टाकावे, कारण ते आता केवळ नव्या संसर्गाचे दार असते. परिपथासाठी वाढवलेले किंवा बदललेले औषधांचे डोस पुन्हा रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या स्थितीनुसार बसवावेत. आणि कार्ट्रिजचा प्रकार, सुरू-बंद केल्याची वेळ, सुरुवातीची एंडोटॉक्सिन पातळी, औषधांचे डोस, गुंतागुंत आणि परिणाम यांची नोंद विभागाच्या नोंदवहीत करावी. उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांची तर अधिक काळजीपूर्वक.